गयामायचा गोंडा

गयामाय बसलेली मी फार कमी वेळा पाहिली. तिचं जेवणसुद्धा उभ्यानं. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, उजव्या हातात काठी आणि नजर मेंढ्यांवर. तिच्याशी दोन शब्द बोलायचे तर निदान बांधाच्या टोकापर्यंत तिच्या मागोमाग चालावं लागे, आणि मुद्द्याची गोष्ट निघेपर्यंत आपल्याला धाप लागलेली असे. एकदा मी वैतागून म्हणालो, माय, जरा टेक की. तर म्हणाली, टेकायचं काय, एक दिवस सगळेच टेकतेत. आणि पुढं निघून गेली.

मी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक आहे. शब्द मोठा आहे, काम साधं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं डोकं धरून ठेवायचं. पण खेड्यात हातात औषधांची पेटी दिसली की लोक डाक्टर म्हणतात, आणि मी आजवर कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही. माणसाला बरं वाटतं ते. मी राणीसावरगावला नवा असताना गयामायच्या कळपात खुरांची साथ आली म्हणून तिच्याकडे गेलो. तिचं गाव तिथून तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या अंगाला. मी मोठ्या ऐटीत एक मेंढी धरायला गेलो आणि ती मला चिखलातून दहा हात ओढत घेऊन गेली. गयामाय सगळं बघत होती. शांतपणे तिनं विचारलं, तू नेमकं करतोस काय? मी म्हणालो, पट्टी बांधतो. ती म्हणाली, मग पट्टीवाला म्हण की, डाक्टर कामून म्हणायलास? तेव्हापासून तिच्यापुरता मी पट्टीवाला. भर बाजारात हाक मारायची. पंधरा वर्षं.

तिच्याकडे साठेक मेंढ्या होत्या. दिवाळी झाली की कळप घेऊन ती खाली सोनपेठकडे, गोदावरीच्या अंगाला उतरायची. शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेत. नवरा मागेच गेला होता. एकुलता एक मुलगा, केरबा, रेल्वेत गँगमन म्हणून लागून पूर्णेला राहायला गेला होता. तो आईला बोलवायचा आणि ती दरवेळी मेंढ्यांचं निमित्त सांगायची. मला वाटतं, निमित्त नव्हतंच ते. तिला खरोखर दुसरं काही सुचत नव्हतं.

पण पंचक्रोशीत तिचं नाव होतं ते कुत्र्यांसाठी. कुत्री व्याली की लोक पिल्लं पाटीत घालून गयामायकडे आणायचे. पिल्लू चालायला लागलं की ती त्याला मोकळ्या जागी ठेवायची आणि वरून घोंगडी टाकायची. मग कमरेवर हात ठेवून बघत राहायची. आत रडत बसेल ते पिल्लू घराच्या दाराशी बांधायला. आत झोपून जाईल ते रानातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या राखणीला. आपली आपण वाट काढून बाहेर येईल आणि मेंढ्यांकडे जाईल ते कळपाला. आणि बाहेर येऊन माणसाकडे जाईल ते, तिच्या शब्दांत, वाया गेलं. अशी पिल्लं ती कुणालाही देऊन टाकायची.

कळपाच्या पिल्लाला वाढवायचीही तिची एक रीत होती. दूध मेंढीचं. निजायला कोकरांत. माणसानं त्याला हात लावायचा नाही, नाव ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. माणसाचा लळा लागला की ते माणसाच्या मागं येतं आणि मेंढ्या उघड्या पडतात. चाळीस वर्षांत तिनं एका कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. कुत्री जीव देतील इतकी इमानी होती, आणि एकालाही नाव नव्हतं.

मग तिचे कान गेले. आधी एक, मग दुसराही बराचसा. ती कुणाला सांगेना. एके दिवशी सकाळी कळप रस्ता ओलांडत असताना वळणावरून टिप्पर आला. त्यानं हॉर्न वाजवला होता, असं सगळे सांगतात. गयामाय पाठमोरी होती. अकरा मेंढ्या आणि एक कुत्रा गेला. मी पोचलो तेव्हा पट्टी बांधण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला बसली होती. मी तिला बसलेली पाहिली ती तेव्हा. मला आजही तो रस्ता नको वाटतो.

केरबानं आठ दिवसांत उरलेला कळप विकला आणि आईला पूर्णेला नेलं. योगायोगानं त्याच वर्षी माझीही बदली पूर्णेला झाली.

रेल्वेचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण. गयामाय त्या अंगणात सकाळपासून येरझाऱ्या घालायची. सून, सुमन, गरीब स्वभावाची. तिला वाटायचं आपलंच काही चुकतंय. आणि मग गयामाय गायब व्हायला लागली. शोधायला गेलं की सापडायची रुळाच्या कडेनं, परभणीच्या, म्हणजे गावाच्या दिशेला तोंड करून, काठी टेकत चाललेली. तिचा हिशेब सरळ होता. ज्या रुळावरून आपल्याला आणलं त्याच रुळानं परत जाता येतं.

केरबा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा आवाज ठिकाणावर नव्हता. "डाक्टर, तिला ऐकू येत न्हाई. मागनं गाडी आली तर कळणार न्हाई तिला. रुळावरनं मला काय काय उचलावं लागतंय ते तुमाला कसं सांगू? एक दिवस माझ्याच गँगला तिच्यासाठी बोलावतेल."

कुलूप लावून बघितलं, तर तिनं दिवसभर दाराला काठी आपटली. मी समजवायला गेलो. म्हणालो, माय, मेंढ्या विकल्या, आता तिकडं काय आहे? ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत म्हणाली, "मेंढ्या विकल्या ते मला मालूम हाय. पाय विकले न्हाईत."



त्याच सुमारास रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त ड्रायव्हरसाहेबांच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या मुलीनं हैदराबादहून एक कुत्री आणून दिली होती. मिनिएचर पूडल. गुडघ्याएवढीही नाही, अंगभर कुरळी लोकर, आणि डोळे असे की ही आता काहीतरी विचारणार असं वाटावं. तिला चार पिल्लं झाली होती, दोन महिन्यांची. ड्रायव्हरसाहेब बेजार झाले होते. आयुष्यभर मालगाडी हाकलेला माणूस, पण ही चार पिल्लं त्यांना हाकत होती. एक क्षण स्वस्थ नाहीत. चप्पल पळवायची, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची आणि मग चप्पल शोधणाऱ्या माणसाच्या मागं शोधायला निघायची. कुकरची शिट्टी झाली की भुंकायची, शिट्टी थांबली की थांबली का म्हणून भुंकायची. आवाज चढवला तर मात्र चारही पिल्लं कोपऱ्यात जाऊन अशी बसायची की रागावणाऱ्यालाच अपराधी वाटावं. साहेबांना ती वाटून टाकायची होती, पण कोणतं कुणाला द्यावं कळत नव्हतं. मी म्हणालो, हे कळणारी एक बाई आहे.

गयामाय आली. घोंगडी तिनं घरूनच खांद्यावर टाकून आणली होती. कित्येक महिन्यांनी तिला काम मिळालं होतं, आणि ते तिच्या चालण्यातच दिसत होतं. पिल्लं बघून तिनं आधी बोटांनी लोकर तपासली, उलटी करून पाहिली. "ही कोकरं हायेत का कुत्री?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, कुत्री. ती म्हणाली, बघू.

पहिल्यावर घोंगडी पडली. हूं का चूं व्हायच्या आत ते बाहेर आलं आणि सरळ तिच्या पायाशी. दुसरं, तसंच. तिसऱ्यानं बाहेर येऊन घोंगडीचं टोक दातात धरलं आणि ओढत तिच्याकडे आणून दिलं. ड्रायव्हरसाहेबांना अभिमान वाटला. मी मात्र मनातून हबकलो. तिच्या मापानं तिन्ही वाया गेलेली होती आणि मला तिचं तोंड माहीत होतं. चौथं, फिक्या जर्दाळू रंगाचं. ते बाहेर आलं, तिच्या पायांना हुंगलं, मग ड्रायव्हरसाहेबांच्या, मग त्यांच्या बायकोच्या, मग माझ्या. पुन्हा तिच्याकडे परत. बाई आत पाणी आणायला गेल्या तर ते मध्येच उठून दारापर्यंत गेलं, त्या बाहेर येईपर्यंत तिथंच थांबलं.

गयामाय कमरेवर हात ठेवून बघत होती. मग म्हणाली, "हे मोजायलंय." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "ह्यांना कळप न्हाई. माणूसच कळप हाय ह्यांचा."

ते चौथं पिल्लू साहेबांनी तिलाच दिलं. मला आनंद झाला. केरबाला तर इतका झाला की त्यानं मला चहा पाजला. पण आम्ही एक गोष्ट विसरलो. तिनं जात ओळखली होती, वाढवायची रीत मात्र तिला एकच येत होती.

तिनं पिल्लाला अंगणात शेजाऱ्याच्या दोन शेळ्यांजवळ ठेवलं. हात लावला नाही. नाव ठेवलं नाही. घरात कुणाला त्याच्याशी बोलू दिलं नाही. सुमन सांगत होती, पिल्लू दारात बसून आत बघायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे, आणि शेपूट हलवून हलवून थकायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं दूध सोडलं. सहाव्या दिवशी केरबा मला घ्यायला आला. मी पाहिलं तर पिल्लू भिंतीशी पडलेलं, नाक कोरडं, डोळे उघडे. ताप नाही, हगवण नाही, जंत नाहीत. मी सलाइन लावलं. गयामाय माझ्या मागं येरझाऱ्या घालत होती. काय झालं रे, काय झालं, असं दर फेरीला विचारत होती. तिनं चाळीस वर्षांत हाताखालून एवढी पिल्लं काढली, एकही असं बिनरोगाचं मरायला टेकलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

मी चिडलोच. तिच्यावर मी एरवी कधी चिडलो नाही. मी म्हणालो, माय, तूच सांगितलंस ना ह्याचा कळप माणूस आहे म्हणून? मग कळपातून काढून बाहेर टाकल्यावर कोकरू काय करतं?

ती थांबली. येरझाऱ्या थांबल्या. मग ती पिल्लाजवळ खाली बसली. हात कुठं ठेवावा तेही तिला कळेना. तो तिनं आधी फरशीवर ठेवला, मग पिल्लाच्या पाठीवर. आणि बोलायला लागली. काय बोलावं हेही माहीत नसावं, कारण ती मेंढ्यांबद्दल बोलत होती. कोणती लंगडी होती, कोणती दरवेळी कुंपणात शिंगं अडकवून घ्यायची. कानांमुळं तिचा आवाज मोठा झालेला, त्यामुळं सगळ्या कॉलनीला ऐकू जात होतं. मी सलाइनची बाटली धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. अर्ध्या तासानं पिल्लानं तिचं बोट चाटलं.

त्याचं नाव गोंडा पडलं. त्यानंतर त्या घरात सुख असं कुणाला उरलं नाही. गोंड्याला क्षणभर एकटं ठेवलं की तो घर डोक्यावर घ्यायचा. गयामाय न्हाणीत गेली तर दाराला नखं. दोनदा दाखवलं की तिसऱ्यांदा सांगावं लागत नसे, पण वाईट गोष्ट त्याला एकदाच पाहून यायची. कडी उचलायला तो सुमनकडे बघून शिकला. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, केरबा ड्यूटीवरून परतला, की गोंडा गयामायचं लुगडं दातात धरून ओढायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ती ऐकत नाही हे त्यानं आपलं आपण ओळखलं होतं. एरवी माणसंसुद्धा ते ओळखायला वेळ लावतात, आणि मग ओरडून बोलतात.

हिवाळ्याच्या तोंडाला तिनं मेंढ्यांची जुनी कातर काढली आणि गोंड्याची लोकर कातरली. कळपाची खूण म्हणून पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. शेपटीच्या टोकाला आणि पायांपाशी कातर नीट बसेना म्हणून तिथली लोकर तशीच राहिली. केरबा ओशाळला, कुणी विचारलं तर काय सांगू म्हणून. ड्रायव्हरसाहेबांच्या मुलीनं मात्र सुट्टीत येऊन पाहिलं आणि विचारलं, गेरू सोडला तर हे अगदी हैदराबादला कुत्र्यांच्या सलूनमध्ये कापतात तसं आहे, कुठं करून आणलंत? गयामाय तिला म्हणाली, आमच्यात असंच कातरतेत. आणि मान अशी ताठ ठेवली की आम्ही कुणी हसलो नाही.

पण पाय काही विकले गेले नव्हते. ती निघायचीच. फरक इतकाच की आता गोंडा बरोबर असायचा. सिग्नलपर्यंत जायचं तर त्याची छोटी पावलं थकायची, तो बसकण मारायचा, मग ती त्याला उचलायची आणि ओझं घेऊन पुढं जाववत नाही म्हणून परतायची. एकदा त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला. तिनं त्याला पदरात गुंडाळून घरी आणलं, हळद भरली, दोन दिवस बाहेर पाऊल टाकलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात गोंडा पुन्हा लंगडत आला. मी तपासलं. काटा नाही, सूज नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून मी थोडं लागलंय असं काहीतरी सांगणार, तोच तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सोंग करायलंय," ती म्हणाली. "दुसरा पाय उचलायलंय बघ. काटा डाव्याला गेला होता." आणि हसली. पट्टीवाल्याला एवढंही दिसत नाही, असा भाव होता त्यात.

केरबाची झोप मात्र गेली ती गेलीच. पिल्लू मोठं होत होतं. वर्षाचं झालं तेव्हा त्याचे पाय लांब झाले, ते दिवसभर पळालं तरी दमेना. केरबा मला म्हणाला, आता हे तिला परभणीपर्यंत नेईल. त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. मीही दवाखान्यात जाता येता नकळत रुळाकडे बघायला लागलो होतो.

पुढं माझी जिंतूरला बदली झाली. गयामाय गेल्याचं केरबानं फोनवर सांगितलं. घरात गेली, खाटेवर, सकाळचा चहा घेऊन. सुमन जवळ होती. गोंडा आता सुमनच्या मागं असतो. केरबा एवढंच म्हणाला की घरात गेली, आणि ते त्यानं दोनदा सांगितलं.

मी तिला शेवटची पाहिली ती बदलीच्या आठवडाभर आधी. सकाळी दहाच्या सुमाराला एका गोठ्यावरून परत येत होतो. सिग्नलच्या पुढं, जिथून कॉलनी दिसेनाशी होते, तिथं रुळाच्या कडेनं ती चाललेली. मी गाडी लावली आणि धावत निघालो. हाक मारून उपयोग नव्हता. मी पोचायच्या आत गोंडा तिच्या पुढं आला आणि वाटेत आडवा बसला. नुसता बसला. ती बाजूनं निघाली तर उठून पुन्हा पुढं जाऊन बसला. मी पोचलो तेव्हा ती त्याच्याकडे बघत उभी होती. तोंड परभणीकडे. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

"ह्याला बघ रे जरा," ती म्हणाली. "दमलंय न्हवं?"

मी खडीवर उकिडवा बसलो. छातीला हात लावला. ठोके संथ होते. जीभ आत होती. नाक ओलं, चारही पाय धड. दमल्याची एक खूण त्याच्या अंगावर नव्हती. तो माझ्याकडे बघतही नव्हता. वर मान करून तिच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या अंगातून एक बारीक थरथर चालली होती, उठू की बसू अशी. कुठला पाय खोटा उचललाय हे जिला लांबून कळलं होतं, तिला हे दिसत नव्हतं, असं मी कसं मानू?

मी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "लय दमलंय माय. आता पुढं चालवू नको."

रूळ जिकडं जातात तिकडं तिनं एकदा पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं, पिल्लावर घोंगडी टाकून बघायची तसं.

"डाक्टर म्हणायलाय म्हणल्यावर," ती म्हणाली, "जावंच लागंल घरी."

तिनं वाकून गोंड्याला उचललं. एवढा मोठा झालेला तो, तिच्या कडेवर नीट मावत नव्हता, चारही पाय लोंबत होते. कॉलनीच्या दिशेनं ती झपाझप निघाली, तिच्या नेहमीच्या चालीनं, आणि एकदाही मागं वळली नाही. मी तिथंच खडीवर बसून राहिलो होतो. गोंडा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. थोडं अंतर गेल्यावर तो भुंकायला लागला, थांबेचना, लुगडं दातात धरून ओढायला लागला. मग माझ्या ध्यानात आलं, मोजताना त्याला एक माणूस कमी भरत होता.

मी उठलो आणि त्यांच्या मागं निघालो.